हिरवा बकरा आणि चित्रांची पुस्तकं

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी बकरा आला. ईदला अजून दीड महिना होता. घरात बकरा आला की पोरांचं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या सात वर्षांच्या धाकटीनं तर त्याचा ताबाच घेतला. सकाळी उठल्याबरोबर बोरीच्या आणि बाभळीच्या डहाळ्या, दुपारी पाण्याची बादली, संध्याकाळी गल्लीत एक चक्कर. वैशाखातल्या उन्हात त्याच्या पाठीवर ओलं पोतं टाकायची आठवण आम्हाला तिनंच करून द्यायची.

ईद झाली. धाकटी दोन दिवस गप्प गप्प होती, मग हळूहळू सावरली. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात ‘माझा आवडता प्राणी’ काढायला सांगितलं. तिनं बकरा काढला. पोपटी अंग, गडद हिरवी शिंगं, आणि डोळे मात्र अगदी हुबेहूब, त्याचे होते तसे तिरके. घरी आल्यावर दादीनं विचारलं, “अगं, बकरा हिरवा कसा?” ती म्हणाली, “दिवसभर हिरवंच तर खायचा तो.”

दुसऱ्या दिवशी वही तपासून आली. चित्रावर लाल पेनाची फुली होती आणि खाली शेरा होता : रंग चुकला.

शाळेचं नाव इथं लिहायचं नाही, आणि बाईंवर राग काढण्यासाठीही हे लिहीत नाही. एका वर्गात पन्नास मुलं सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्येक बकऱ्याची हकिकत कशी कळणार? पण त्या फुलीनंतर घरात जे घडलं, ते आम्ही पाहिलं. धाकटी रंग हातात घेतला की आधी आमच्याकडे बघायची. “हे बरोबर आहे का?” पान काढलं तरी विचारायची, घर काढलं तरी विचारायची. महिनाभरानं तिनं विचारणंही बंद केलं. पाहुण्यांनी कौतुकानं म्हटलं, “एक चित्र काढून दाखव बरं,” तर ती शांतपणे म्हणाली, “मला चित्र येत नाही.”

मग आम्ही दोघं नवरा-बायको एका रात्री हिशेब करायला बसलो. फुली एकट्या बाईंनी मारली होती का? आम्हीच तिला रंगवायची पुस्तकं आणून दिली होती. त्यात डाव्या पानावर रंगवलेला नमुना आणि उजव्या पानावर रिकामी रेघ. सफरचंद लाल, पोपट हिरवा, रेघेबाहेर जायचं नाही. म्हणजे ती फुली तर आम्ही आधीच घरात आणून ठेवली होती.

पुस्तकं होती, चित्रपुस्तक नव्हतं

घरातलं कपाट उघडून पाहिलं. मुलांच्या नावानं काय काय होतं? अंकलिपी, उर्दूचा कायदा, भिंतीवर लावायचे तक्ते, बोधकथांची बारीक टायपातली दोन पुस्तकं, आणि ती रंगवायची पुस्तकं. चित्रं सगळीकडे होती, पण ती कोणी काढली हे एकाही पुस्तकावर लिहिलेलं नव्हतं. तोच गोबऱ्या गालांचा मुलगा आणि तीच लांब पापण्यांची गाय. कोण्या माणसानं बसून, बघून, विचार करून काढलेलं असं त्यात काही दिसेना.

सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक यांतला फरक आम्हाला तेव्हा कळला. बोधकथेच्या पुस्तकातली चित्रं फाडून टाकली तरी गोष्ट उरते. चित्रपुस्तकातली चित्रं काढून घेतली तर गोष्ट अर्धी होते, कधी कधी उरतच नाही. शब्द म्हणतात, मुलगी झोपली. चित्र दाखवतं की पांघरुणाखाली मांजरही झोपलेलं आहे. जे आईला वाचता येतं ते मुलाला येत नाही, पण जे मुलाला दिसतं ते बरेचदा आईच्या नजरेतून सुटतं. त्यामुळे अशा पुस्तकापुढे दोघं बरोबरीनं बसतात. अजून अक्षर न येणारं मूलही तिथं वाचक असतं.

मराठीत अशा पुस्तकांचं सगळ्यांत ओळखीचं नाव म्हणजे माधुरी पुरंदरे. त्या मुळात चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, पुढे फ्रान्समध्ये शिकल्या, मोठ्यांसाठी पिकासोचं चरित्र लिहिलं. आणि मग मुलांसाठी लिहिताना गोष्टही स्वतः लिहिली आणि चित्रंही स्वतः काढली. ‘राधाचं घर’मधलं घर पाहिलं की वाटतं, हे तर आपल्या शेजारचं घर. त्यांच्या ‘चित्रवाचन’मध्ये मोठमोठी चित्रं आहेत, ती बघून मुलानं बोलायचं, त्यात चूक-बरोबर असं काही नाही. ‘वाचू आनंदे’मध्ये मराठी साहित्यातले वेचे आहेत आणि त्यांच्या जोडीला भारतीय कलेचे नमुने. २०१६ मध्ये पराग उपक्रमाचा पहिला बिग लिटल बुक पुरस्कार लेखिका म्हणून त्यांना मिळाला, तो मराठी बालसाहित्यासाठी. ही पुस्तकं पुण्या-मुंबईच्या ज्योत्स्ना प्रकाशनानं काढली आहेत, आणि मागवली तर आपल्या हिंगणघाटलाही येतात. आम्ही इतकी वर्षं मागवली नव्हती, एवढंच.

सेवाग्रामची वाट

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही धाकटीला घेऊन एस.टी.नं वर्ध्याला गेलो आणि तिथून ऑटोनं सेवाग्रामला. वर्ध्याहून ते आठेक किलोमीटरवर. याआधीही गेलो होतो, पण पाहुण्यांना दाखवायला. या वेळी आम्ही तिथं चित्रं शोधायला गेलो.

पहिलं चित्र बापूकुटीतच सापडलं. मातीच्या भिंतीवर मातीनंच उठवलेली ताडाची झाडं. ती मीराबहन यांच्या हातची. बाजारातून रंग नाही, चौकट नाही, खिळा नाही. भिंतीच्या मातीतूनच झाड वर आलेलं. धाकटीनं विचारलं, “यांनी झाडाला रंग का नाही दिला?” आम्ही उत्तर दिलं नाही. ती बराच वेळ तिथं उभी राहिली.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसणारी नाही, पण वर्धेकरांनी आणि त्यातही आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. हातानं काम करत शिकायचं, हा त्यांचा विचार परिषदेपुढे होता. दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे चाळिशीतले कुलगुरू डॉ. झाकिर हुसेन तिथं आले होते. त्यांनी या विचारातले धोके सगळ्यांसमोर स्पष्ट बोलून दाखवले. आणि ज्यानं शंका काढल्या त्याच माणसाला गांधीजींनी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचं अध्यक्ष केलं! समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी होत्या. डिसेंबरच्या सुरुवातीला अहवाल तयारही झाला.

त्या अहवालातली एक बाब आपण सहसा विसरतो. वर्धा योजना म्हटलं की तकली आणि चरखा आठवतो. पण मातृभाषा, गणित, समाज, विज्ञान यांच्या रांगेत त्या समितीनं चित्रकला आणि संगीतही ठेवलं होतं. खेड्यातल्या, गरीब घरच्या, कापूस वेचणाऱ्या आईबापांच्या मुलालाही चित्र काढता आलं पाहिजे, हे १९३७ साली आपल्या वर्ध्यात कागदावर लिहिलं गेलं. पुढे हेच डॉ. झाकिर हुसेन देशाचे राष्ट्रपती झाले.

कागदावरची गोष्ट मातीत रुजवायला माणूस लागतो. तो १९४४ साली सेवाग्रामला आला. त्याचं नाव देवी प्रसाद. जन्म डेहराडूनचा, वय तेवीस, आणि शिक्षण शांतिनिकेतनच्या कलाभवनात, नंदलाल बोस यांच्या हाताखाली. पोरं जमवून त्यांना चित्रं काढू देणं हे त्यांनी इथलं आपलं काम मानलं. ‘काढू देणं’ म्हणायचं कारण असं की, मुलापुढे नमुना ठेवून त्याची नक्कल करायला लावण्याच्या ते विरोधात होते. मुलाचं चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची कच्ची आवृत्ती नव्हे, ते मुलाचं स्वतःचं बोलणं आहे; शिक्षकानं त्याला वातावरण द्यावं, ओळी आखून देऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. १९६२ मध्ये ते लंडनला युद्धविरोधी चळवळीच्या कामाला गेले, तोवरची वर्षं त्यांनी इथं काढली. सेवाग्रामच्या त्या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्याचं इंग्रजी रूप नॅशनल बुक ट्रस्टनं १९९८ मध्ये छापलं. नावाचा अर्थच असा की, कला हा शिक्षणाचा पाया आहे.

इथं चित्रपुस्तकाचा धागा पुन्हा जुळतो. देवी प्रसादांचे गुरू नंदलाल बोस म्हणजे राज्यघटनेच्या हस्तलिखिताची पानं सजवणारे, हरिपुरा काँग्रेससाठी फलक रंगवणारे मोठे चित्रकार. त्याच नंदलालांनी १९३० साली रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बंगाली पहिल्या पुस्तकासाठी चित्रं केली. लिनोलियमवर कोरून छापलेली, काळ्या-पांढऱ्यातली साधी चित्रं. अक्षर ओळखायला बसलेल्या पाच-सहा वर्षांच्या पोरासाठी देशातला सगळ्यांत मोठा चित्रकार बसतो, आणि त्याला ते काम लहान वाटत नाही. आम्ही आमची अंकलिपी आठवली. फरक दर्जाचा होताच, पण त्याहून जास्त तो मुलाबद्दलच्या आदराचा होता.

त्याच नयी तालीमच्या आवारात २००५ पासून आनंद निकेतन ही मराठी शाळा चालते. सुट्टी असल्यानं आम्हाला मुलं भेटली नाहीत. परतताना धाकटीनं ऑटोत विचारलं, “त्या सरांनी हिरव्या बकऱ्यावर फुली मारली असती का?” आम्ही म्हटलं, “नसती मारली.” ती काही बोलली नाही.

निळे घोडे, एक बिंदू आणि गांडुळाची रेल्वे

घरी आल्यावर आम्ही शोध घेऊ लागलो आणि एक गोष्ट अशी सापडली की वाटलं, ही तर आमच्यासाठीच घडली आहे.

भुकेल्या सुरवंटाचं चित्रपुस्तक जगभर गाजलं, ते १९६९ चं. त्याचे चित्रकार एरिक कार्ल. त्यांचं बालपण हिटलरच्या जर्मनीत गेलं. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक क्राउस यांनी या मुलाची आवड हेरली. एक दिवस त्यांनी त्याला घरी बोलावलं आणि गुपचूप काही चित्रांच्या छापील प्रती दाखवल्या. ती चित्रं सरकारनं ‘भ्रष्ट कला’ म्हणून बंद केलेली. त्यांत फ्रान्झ मार्क या चित्रकाराचं काम होतं, ज्यानं निळे घोडे रंगवले होते. मुलगा चक्रावला. त्याला वाटलं, सरांचं डोकं फिरलं. पण ते घोडे त्याच्या डोळ्यांतून गेले नाहीत. सत्तर वर्षांनी, २०११ मध्ये, म्हाताऱ्या एरिक कार्ल यांनी एक चित्रपुस्तक काढलं. त्यात एक मूल निळा घोडा रंगवतं आणि मग रंग ‘चुकलेले’ प्राणी एकामागून एक येतात. फ्रान्झ मार्कला वाहिलेलं ते पुस्तक आहे. एका शिक्षकानं जोखीम घेऊन एका मुलाला एक चित्र दाखवलं, आणि ते जगातल्या कितीतरी पोरांपर्यंत पोचलं.

आम्ही धाकटीला मोबाइलवर मार्कचे निळे घोडे दाखवले. मोबाइलचा इतका चांगला उपयोग आमच्या घरी क्वचितच झाला असेल. तिनं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “याला कोणी ओरडलं नाही?” आम्ही खरं ते सांगितलं, ओरडले होते. तरी चित्रं टिकली.

निळे घोडे दूरचे वाटत असतील तर पोळा आठवा. आपल्याकडे बैलाची शिंगं लाल, हिरवी, सोनेरी होतात, अंगावर ठिपके उमटतात, आणि तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी सजवून ओढतात. रंग चुकला असं तिथं कोणी म्हणत नाही. जनावरावरचं प्रेम रंगात उतरलं की रंग बदलतो, हे आपल्या गावाला ठाऊक आहे. विसर पडतो तो वहीत.

आता जवळचे दोन चित्रकार सांगतो. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ सालचा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात. तेव्हा मंडला आणि वर्धा एकाच मध्य प्रांतात होते. लहान रझा वर्गात लक्ष देत नसत. एकदा त्यांच्या मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडे बघत बस. पुढे रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईला, मग १९५० मध्ये पॅरिसला. जगभर नाव झालं, आणि उतारवयात त्यांच्या चित्रांत पुन्हा तोच ठिपका आला, मोठा, काळा, शांत : बिंदू. २०१६ मध्ये दिल्लीत त्यांचा इंतकाल झाला तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं. त्यांच्या या ठिपक्यावर रितू खोडा आणि वनिता पै यांनी ‘रझाज बिंदू’ हे मुलांसाठी इंग्रजी पुस्तक केलं आहे. मोठ्या चित्रकाराला मुलाच्या हाताशी आणायची ही दुसरी रीत. चित्रकार पुस्तकासाठी चित्र काढतो, तसं पुस्तकही चित्रकाराची गोष्ट सांगू शकतं.

दुसरे भज्जू श्याम, पाटणगढचे गोंड चित्रकार. एका हॉटेलच्या भिंती रंगवायला ते लंडनला गेले. परत आल्यावर चेन्नईच्या तारा बुक्सनं २००४ मध्ये त्यांचं ‘लंडन जंगल बुक’ काढलं. त्यात जमिनीखालून जाणारी रेल्वे म्हणजे गांडूळ आहे, रोजची बस म्हणजे इमानी कुत्रा आहे, आणि मोठ्या घड्याळाचा मनोरा म्हणजे कोंबडा, कारण गावाला वेळ तोच सांगतो. दोन वर्षांनी भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती यांचं झाडांवरचं पुस्तक आलं. काळ्या कागदावर हातानं छापलेलं. त्यात रात्री झाडं काय करतात ते दिसतं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनीच पुढे बाबासाहेबांच्या जीवनावर ‘भीमायन’ रंगवलं. आपल्या आसपासच्या गोंड वस्त्यांतल्या भिंती पाहणाऱ्या आपल्या पोरांना ही पुस्तकं परकी वाटणार नाहीत.

आपल्या घरातली जुनी ओळख

काही घरांत विचारलं जातं, मुलांच्या हातात एवढी चित्रं कशाला? ज्या घरांना सजीवांची चित्रं नको वाटतात, त्यांची भावना आम्ही समजतो. त्यांच्यासाठीही वाट बंद नाही. रझांचा बिंदू, गोंडांची झाडं, नाव, पतंग, पाऊस, वेलबुट्टी, सुलेखन. एक मोठं जग आहे. अलिफचा उभा बाणा आणि नूनच्या पोटातला ठिपका मुलाला नीट दाखवा, ती चित्र वाचायचीच सुरुवात आहे.

पण चित्रातून गोष्ट सांगणं आपल्या इतिहासात नवं नाही. पंचतंत्र पहलवीतून आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फानं अरबीत नेलं, ते ‘कलीला व दिम्ना’. चित्रांमुळे वाचणाऱ्याचं मन रमेल, असं त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे, आणि त्याच्या सचित्र प्रती शतकानुशतकं निघत राहिल्या. तेराव्या वर्षी गादीवर बसलेल्या अकबरासाठी पोपटाच्या गोष्टींचा ‘तूतीनामा’ रंगवला गेला. मग आला ‘हम्जानामा’. सुमारे चौदाशे मोठमोठी चित्रं, आणि पूर्ण व्हायला जवळपास पंधरा वर्षं. चित्र एका बाजूला, मजकूर मागच्या बाजूला. एकानं पान समोर धरायचं आणि मागून गोष्ट वाचायची, म्हणजे बसलेल्यांना चित्र दिसावं आणि गोष्ट ऐकू यावी, असं अभ्यासक मानतात. बालवाडीतल्या ताई पुस्तक पोरांकडे वळवून वाचतात, ते याहून फार वेगळं नाही.

आम्ही घरी काय केलं

फार पैसे लागले नाहीत, पण वेळ लागला. जे जमलं ते सांगतो.

रंगवायची पुस्तकं रद्दीत दिली. त्याऐवजी पाठकोरे कागद, आणि स्वयंपाकघरातले रंग : हळद, गेरू, नीळ, चुलीतला कोळसा. झोपायच्या आधी एक चित्रपुस्तक, पण घाई नाही. पान उलटायचा हक्क धाकटीचा. आम्ही वाचून संपवलं तरी तिचं बघून संपलेलं नसतं, हे आम्हाला उशिरा कळलं.

पुस्तक उघडलं की लेखकाचं नाव वाचायचं आणि लगेच चित्रकाराचंही वाचायचं. हा नेम सगळ्यांत सोपा आहे आणि आम्हाला सगळ्यांत उपयोगी पडला. चित्र आपोआप उगवत नाही, ते कुणीतरी काढतं, त्या माणसाला नाव असतं, हे मुलाला कळतं. आणि ज्या पुस्तकावर चित्रकाराचं नाव नाही, ते विकत घेताना आम्ही दोनदा विचार करतो.

“हे काय काढलंस?” असं विचारणं सोडलं. “मला याबद्दल सांग,” असं म्हणू लागलो. “छान” म्हणून विषय संपवणंही कमी केलं.

विकत घेणं जमत नसेल तरी अडत नाही. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, मराठीत आणि उर्दूतही. आमच्या दादीला मराठी वाचता येत नाही, तिला उर्दू येतं. एकच चित्रपुस्तक धाकटी मराठीत वाचते आणि दादी उर्दूत. चित्र दोघींचं एकच असतं, आणि भांडणंही त्यावरच होतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही आता घरबसल्या पाहता येतात. आणि एखाद्या मशिदीच्या, मदरशाच्या किंवा मोहल्ल्याच्या वाचनालयात धर्म आणि अभ्यासाच्या पुस्तकांशेजारी चित्रपुस्तकांचा एक खण करता आला तर तो रिकामा राहणार नाही, असं आम्हाला वाटतं.

चांदणी

एवढं करूनही धाकटी चित्र काढत नव्हती. बघायची, बोलायची, पण कागदाला हात लावायची नाही. आम्ही आग्रह सोडून दिला होता.

थंडीत एका रात्री दादीनं पेटीतून एक जुनं उर्दू पुस्तक काढलं. त्यात डॉ. झाकिर हुसेन यांची ‘अब्बू खाँ की बकरी’ ही गोष्ट होती. वर्ध्याची योजना लिहिणाऱ्या माणसानं जामियातल्या मुलांसाठी गोष्टीही लिहिल्या, आणि त्या रुकय्या रेहाना या नावानं छापल्या. ते त्यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलीचं नाव. या गोष्टीचं आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाच्या एका कथेशी जवळचं नातं आहे, पण झाकिरसाहेबांनी ती अलमोड्याच्या डोंगरात अशी वसवली की ती आपलीच झाली.

अब्बू खाँ एकटे राहतात आणि बकऱ्या पाळतात. एकेक बकरी दोर तोडून डोंगरात पळते आणि लांडगा तिला खातो. शेवटची बकरी चांदणी, पांढरीशुभ्र, अब्बू खाँची फार लाडकी. तिलाही डोंगर बोलावतो. ती जाते. दिवसभर मोकळ्या रानात हुंदडते आणि रात्री लांडगा समोर येतो. आपण जिंकणार नाही हे तिला कळतं, तरी ती पहाट होईपर्यंत शिंगांनी लढते. पहाटे ती पडते. झाडावरच्या पाखरांत वाद होतो की जिंकलं कोण. सगळे म्हणतात लांडगा. एक म्हातारं पाखरू म्हणतं, चांदणी.

दादी वाचून थांबली. धाकटीचे डोळे भरले होते. तिला कोण आठवलं असेल, ते आम्हाला कळत होतं. आम्ही काही समजावलं नाही. थोड्या वेळानं तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि पानं चाळली. त्या पुस्तकात एकही चित्र नव्हतं.

“चांदणी कुठाय?” तिनं विचारलं.

“यात नाही बेटा,” दादी म्हणाली.

ती उठली, कागद आणला, आणि कोळसा. आम्हाला वाटलं, बकरी काढील. ती सगळा कागद काळा करत बसली. हात काळे, फ्रॉक काळा, फरशी काळी. मधेच थोडी जागा तिनं सोडली होती. बऱ्याच वेळानं आमच्या लक्षात आलं की सोडलेली जागा हीच चांदणी आहे. तिनं बकरी काढलीच नव्हती, तिच्याभोवतीची रात्र काढली होती. वरच्या कोपऱ्यात एक बारीक पाखरू होतं, तेही सोडलेलं. अंगभर काळं झाल्यावर तिनं हळद घेऊन खाली एक पट्टा ओढला. पहाट असावी.

एकदाही तिनं आमच्याकडे बघून “बरोबर आहे का?” असं विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं कागद दुमडून, सुईदोऱ्यानं शिवून आठ पानांचं पुस्तक केलं. गोष्ट तीच, पण तिच्या पुस्तकात चांदणीसोबत डोंगरात आणखी एक जनावर आहे, आणि ते हिरवं आहे. शब्द तिनं दादीला सांगितले आणि दादीनं उर्दूत लिहिले. मग पहिल्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, इथं डॉ. झाकिर हुसेनचं नाव लिहा. आम्ही मराठीत लिहिलं. “आता खाली लिहा, चित्रं,” ती म्हणाली, “आणि पुढे माझं नाव.”